ओंडका जागेवरच चिरायचा तर

वादळात आडव्या झालेल्या मोठ्या झाडाचं पुढे काय होतं, हे कोकणात सगळ्यांनी पाहिलेलं आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या भागांत, आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्तेनंतर पार सिंधुदुर्गापर्यंत, तीन-तीन फूट व्यासाचे आंबे-फणस परसात, पाणंदीत, घरांच्या पडवीवर पडले होते. वाट मोकळी करायची घाई असते. कटरवाला येतो, दोन-दोन फुटांचे तुकडे पाडतो आणि आजोबांनी लावलेला फणस आठवडाभरात सरपणाच्या भावाने जातो. कटरवाल्याचाही दोष नाही. दहा फुटी बुंधा उचलायचा कशाने आणि गिरणीपर्यंत न्यायचा कुठून? पाखाडीतून ट्रक येत नाही.

या अडचणीवर चांगला उपाय आहे. ओंडका गिरणीत न नेता गिरणीच ओंडक्यापाशी न्यायची. चेनसॉच्या पट्टीला अॅल्युमिनियमची किंवा लोखंडाची एक चौकट जोडतात, ती ओंडक्याच्या सपाट पाठीवरून सरकत जाते आणि ठरवलेल्या जाडीची अखंड फळी निघते. ‘अलास्कन मिल’ या नावाने ही चौकट जगभर ओळखली जाते आणि कॅलिफोर्नियाच्या ग्रॅनबर्ग कंपनीने ती लोकप्रिय केली. आता त्याच धर्तीच्या चौकटी आपल्याकडेही मिळतात, आणि साधा चांगला वेल्डर असेल तर बनवूनही देतो. म्हणून झाड पडल्यावर पहिली विनंती ही, की बुंध्याचे तुकडे करू देऊ नका. फांद्या साफ करा, वाट मोकळी करा, पण बुंधा लांबच ठेवा. नंतर आखूड केव्हाही करता येतो.

परवानगीचं आधी उरकून घ्या. महाराष्ट्रात खासगी जमिनीवरच्या आंबा, फणस, साग, ऐन, चिंच अशा झाडांना १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा लागू आहे, तर शहर हद्दीत १९७५ चा वेगळा. झाड वादळाने पडलं असलं तरी फोटो काढा, पंचनामा करून घ्या आणि लाकूड हलवायचं असेल तर वाहतूक पासाबद्दल वनपालांना लेखी विचारा. आरागिरणीला वन खात्याचा परवाना लागतो, त्यामुळे स्वतःच्या झाडापलीकडे जाऊन इतरांची झाडं पैसे घेऊन चिरायचा विचार असेल, तर परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांशी बोलल्याशिवाय यंत्र सुरू करू नका.

आता कामाच्या सगळ्यात धोकादायक भागाबद्दल, आणि तो चिरण्याच्या आधीच येतो. मुळासकट उपटलेल्या झाडाचा बुंधा मुळांपासून कापून वेगळा केला, की मातीने लगडलेला तो मुळांचा गड्डा एकदम उभा राहू शकतो. झाडाच्या वजनानेच तो आडवा धरलेला असतो. त्या खड्ड्यात किंवा गड्ड्याच्या मागे माणूस, गुरं, पोरं, कुणीही असता कामा नये. शक्य असेल तर जेसीबीने गड्डा दाबून धरूनच काप घ्या, नाहीतर बुंध्याचे चार-पाच फूट मुळाशी सोडून पुढे कापा. लाकूड थोडं वाया जाईल, जाऊ द्या. बुंधा दोन टोकांवर टेकलेला आणि मध्ये अधांतरी असेल, तर वरची बाजू दाबात आणि खालची ताणात असते, म्हणजे वरून सरळ कापत गेलात तर पट्टी अडकणारच. हा काप अनुभवी माणसाकडूनच करून घ्या.

यंत्राबद्दल माझं मत स्पष्ट आहे. बाजारात सात-आठ हजारांना मिळणारं ५८ सीसीचं यंत्र फांद्या तोडायला ठीक, ओंडका चिरायला नाही. आडवं तोडताना यंत्र काही सेकंद पूर्ण जोरात चालतं आणि मग दम घेतं. उभं चिरताना तेच यंत्र दहा-पंधरा मिनिटं सलग पूर्ण जोरात चालतं, आणि लहान इंजिन त्यात तापून जातं. दीड-दोन फूट रुंदीसाठी ७० सीसी हा खालचा टप्पा समजा. तीन फुटांसाठी ९० सीसीच्या वर जावं लागतं. स्टिलचं एमएस ६६१ किंवा हुस्कवर्नाचं ३९५ हे त्या वर्गातलं यंत्र. सलग हेच काम करायचं तर एमएस ८८१ सारखं सव्वाशे सीसीच्या जवळ जाणारं यंत्र लागतं. ते महाग असतं, म्हणून वाडीतल्या चार-पाच घरांनी मिळून घेणं किंवा भाड्याने आणणं शहाणपणाचं.

पट्टीच्या लांबीत लोक फसतात. चौकटीच्या पकडी दोन्ही टोकांना मिळून पाच-सहा इंच खातात. म्हणजे ३६ इंची पट्टीने प्रत्यक्षात ३० इंच रुंदीचाच काप मिळतो. ओंडका ३६ इंचांचा असेल तर ४२ इंची पट्टी हवी, किंवा दोन्ही बाजूंचा फुगवटा आधी उतरवून घ्यायचा. लांब पट्टीच्या टोकापर्यंत यंत्राचं तेल नीट पोचत नाही, म्हणून टोकाकडे थेंब-थेंब तेल सोडणारी वेगळी बाटली जोडतात. ती जोडाच. ती नसेल तर पट्टी निळी पडते आणि चेन ताणून ढिली होते.

चेन वेगळी लागते. यंत्राबरोबर येणाऱ्या चेनच्या दातांचा वरचा कोन ३० अंशांच्या आसपास असतो, तो लाकडाचे धागे आडवे तोडण्यासाठी. चिरायच्या चेनचा कोन १० अंश ठेवतात. तयार मिळाली नाही तर साधी चेन गोल कानशीने हळूहळू त्या कोनावर आणता येते. प्रत्येक दातापुढे एक लहान उंचवटा असतो, दात किती खोल चावेल ते तो ठरवतो. तो दातापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली हवा. सगळ्या दातांची लांबी सारखी नसेल, तर फळीवर लाटा उठतात आणि काप एका बाजूला ओढला जातो. अशा वेळी यंत्राला नाव ठेवू नका, कानस हातात घ्या.

ही चेन जाते तिथे तीन सूत लाकडाचा भुसा होतो. अडीच इंची दहा फळ्या काढल्या तर मधल्या नऊ कापांत सव्वातीन इंचांहून जास्त, म्हणजे एका फळीहून अधिक लाकूड जमिनीवर पडतं. पट्टा करवतीच्या गिरणीत याचा लहानसा हिस्साच जातो. म्हणून ओंडका गिरणीत नेता येत असेल तर जरूर न्या, पातळ फळ्या हव्या असतील तर नक्कीच न्या. या पद्धतीची किंमत रुंद आणि जाड फळीसाठीच मोजावी.

आणि वजनाचा हिशेब तर कराच. ३ फूट व्यासाचा, १० फूट लांबीचा ओला बुंधा सुमारे २ टन भरतो. त्यातली अडीच इंची मधली एक फळी पावणेदोनशे किलोच्या आसपास जाते, म्हणजे चार धडधाकट माणसं. वखारीत घेराच्या चौथ्या भागाचा वर्ग करून त्याला लांबीने गुणून घनफूट काढतात. त्या हिशेबाने हाच ओंडका ५५ घनफुटांच्या आसपास बसेल. हाताशी चार माणसं नसतील, तर लांबी ठरवतानाच विचार करा. सात फुटी जेवणाच्या टेबलासाठी दहा फुटी फळी कशाला? दोन्ही टोकांना मात्र अर्धा-अर्धा फूट जादा ठेवा, कारण टोकं तडकतातच.

ओंडका वाचायला एक सकाळ द्या. दोन्ही टोकांवर वलयांचा मध्य शोधा. तो सहसा बरोबर मधोमध नसतो. झाड उतारावर किंवा एका बाजूला कललेलं वाढलं असेल, तर वरच्या बाजूला ताणाचं लाकूड साठलेलं असतं आणि मध्य सरकलेला असतो. अशा ओंडक्याची फळी चेनमधून सुटताक्षणी धनुष्यासारखी वाकते. कललेल्या झाडातून लांब फळ्यांचा हट्ट धरू नका, आखूड तुकडे घ्या. मध्य ज्या फळीत येईल ती फळी वाळताना हमखास मधून फाटते. त्यामुळे असं मोजमाप करा की मध्य एकाच फळीच्या बरोबर मधोमध यावा. ती फळी पुढे उभी दोन भागांत चिरली की तिचे दोन चांगले अर्धे मिळतात. मध्य दोन फळ्यांच्या कडेवर आला तर दोन्ही बिघडतात.

बेचकं टाकून देऊ नका. खोडाला जिथे दोन मोठ्या फांद्या फुटतात, तिथले धागे एकमेकांत गुंततात आणि कापल्यावर पिसाऱ्यासारखी नक्षी उमटते. काप मात्र दोन्ही फांद्यांच्या मध्यातून एकाच पातळीत गेला पाहिजे, म्हणजे फांद्या चेनच्या पातळीत आडव्या येतील असा ओंडका फिरवून घ्यावा लागतो.

लोखंड शोधा. घराजवळच्या आंब्यात खिळे असतातच. झोपाळ्याचा हूक, दोरी बांधायचा खिळा, बांधावरच्या झाडात गिळली गेलेली काटेरी तार, रस्त्याकडेच्या शिरीषात जाहिरातीच्या पाट्यांचे खिळे. टोकाच्या कापावर निळसर-काळा डाग दिसला तर आत लोखंड आहे असं धरून चाला. स्वस्तातलं मेटल डिटेक्टर सालीवरून फिरवा आणि प्रत्येक फळी काढल्यावर नव्या पृष्ठावरून पुन्हा फिरवा. साल आधी उतरवली तर उत्तम, कारण सालीत अडकलेली रेती-माती चेनची धार खिळ्याइतकीच लवकर घालवते.

पहिला काप सगळ्या फळ्यांचं भवितव्य ठरवतो, कारण पुढची प्रत्येक फळी त्याचीच नक्कल असते. गोल पाठीवर चौकट सरकणार नाही, म्हणून वर सरळ अॅल्युमिनियमची शिडी बसवतात. शिडी ओंडक्याच्या दोन्ही टोकांच्या बाहेर फूटभर यावी, म्हणजे चौकट सुरुवातीला आणि शेवटी झुकणार नाही. ओंडका बुडख्याकडे जाड आणि शेंड्याकडे बारीक असतो, त्यामुळे शिडी पाठीवर नुसती ठेवून चालत नाही. दोन्ही टोकांना शिडीपासून वलयांच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि बारीक टोकाखाली ठोकळे घालून ते सारखं करा. मग दोन्ही टोकांना शिडीवर एकेक सरळ रूळ आडवा ठेवा, एका टोकाला खाली बसा आणि एक डोळा मिटून बघा. दोन्ही रुळांच्या कडा एकमेकींवर तंतोतंत बसल्या पाहिजेत. एक बाजू जरा वर दिसली तर शिडीला पीळ आहे, आणि तो पीळ शेवटच्या फळीपर्यंत जाईल. पाणसळ यासाठी पुरत नाही, डोळाच लागतो.

समजा, शिडीची वरची कड ओंडक्याच्या माथ्यापासून ३ इंच उंच आहे आणि चौकट ६ इंचांवर लावली आहे. चेन माथ्याखाली ३ इंच जाईल आणि ३६ इंची ओंडक्यावर सुमारे २० इंच रुंद सपाट पृष्ठ मिळेल, पुढच्या कापाला चौकट टेकायला ते भरपूर. ठोकळे ओंडक्याला बसवणारे स्क्रू लाकडात दीड इंचापलीकडे जाऊ देऊ नका. चेन आणि स्क्रूची गाठ पडली तर दात गेले.

ओंडका जमिनीपासून फूटभर उंच ठोकळ्यांवर घ्या, दोन्ही बाजूंनी पक्क्या पाचरी मारा आणि जमेल तर बारीकसा उतार द्या. उताराच्या दिशेने कापत गेलं की यंत्राचं वजनच ते पुढे नेतं आणि तुमची कंबर वाचते. सुरुवात करताना चौकटीच्या पुढच्या दांड्यावर भार ठेवा, शेवटच्या फूटभरात मागच्या दांड्यावर. मधल्या वेळात ढकलू नका. धार चांगली असेल तर यंत्र आपलं आपण सरकतं. ढकलावं लागायला लागलं, भुसा दाणेदार यायचा थांबून पिठासारखा येऊ लागला, किंवा धुराचा वास आला, की थांबा आणि धार लावा. पेट्रोलची टाकी भरताना दर वेळी प्रत्येक दाताला दोन-तीन हात कानस मारण्याची सवय ठेवा. सागात वाळूचा अंश असतो, तिथे याहून लवकर. फणसात चीक चेनवर चढून काळा थर बसतो, तो रॉकेलने पुसून काढावा लागतो. कार्ब्युरेटरला पेट्रोल किंचित जास्त सोडलेलं बरं, आणि काप संपल्यावर यंत्र लगेच बंद न करता मिनिटभर मंद चालू ठेवा.

काप दीड-दोन फूट आत गेला की मागे लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या पातळ पाचरी हलक्या हाताने सरकवा, पुढे दर दोन फुटांवर एकेक. त्या नसतील तर वरच्या फळीचं वजन चेनवर बसतं. लोखंडी पाचर जवळपाससुद्धा नको. पाचर मारणारा मदतनीस यंत्राच्या मागच्या बाजूला उभा राहावा, चेनच्या रेषेत कधीही नाही. चेन तुटली तर ती त्याच रेषेत सुटते.

फणसाची पहिली फळी बाजूला सरकवली, की आतला रंग पाहून काम करणारी माणसं काही क्षण नुसती बघत राहतात. हळदीसारखा पिवळाधमक, ओलसर, कडेला पांढरट कच्च्या लाकडाची दोन बोटं. तो पिवळा रंग उजेडात काही महिन्यांत सोनेरी आणि मग तपकिरी होत जातो, तेव्हा गिऱ्हाइकाला ओल्या फळीचा फोटो दाखवून विकू नका.

कानांवर मफ, डोळ्यांवर चष्मा, पायांत पुढे पोलाद असलेले बूट, मांड्यांवर चेन अडवणारं जाड कापड, हे सगळं हवंच. चप्पल घालून हे काम करणारे बरेच आहेत, तुम्ही त्यांच्यात जाऊ नका. नाकावर साधा रुमाल नको, बारीक धूळ अडवणारा मास्क हवा. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने स्पष्ट केलेलं आहे, आणि या कामात तोंड तासन् तास भुशाजवळ असतं. वारा पाठीवर किंवा बाजूने येईल असं उभं राहा, म्हणजे इंजिनचा धूरही तोंडावर येणार नाही.

इथपर्यंतचं काम दोन-चार दिवसांचं. यानंतरचं दोन-तीन वर्षांचं आहे आणि बहुतेक चांगल्या फळ्या इथेच वाया जातात.

ओंडक्याची टोकं झाड कापल्या दिवशीच बंद करायची असतात. लाकडाच्या नळ्या टोकाला उघड्या असतात, तिथून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने निघून जातं आणि टोकं ताऱ्यासारखी तडकतात. मेण, डांबर, जुना ऑइल पेंट, जे असेल त्याचे दोन जाड हात द्या. फळी काढल्यावर टोकं पुन्हा तपासा.

कोणतं झाड थांबतं आणि कोणतं नाही, हेही महत्त्वाचं. वादळं येतात मे-जूनमध्ये, पुढे चार महिने पाऊस. आंबा थांबत नाही. ओल्या हवेत काही आठवड्यांतच त्यात निळी बुरशी शिरते आणि मागोमाग भुंगा. आंबा पडला असेल तर उघाड बघून लगेच चिरा. फणसाचा किंवा सागाचा पिवळा-तपकिरी पक्का भाग मात्र टोकं बंद करून, जमिनीपासून उचलून, सावलीत ठेवला तर दिवाळीपर्यंत थांबतो. ऐनाचं उलट आहे. तो भराभर वाळला की भेगाळतो, म्हणून ऐन एप्रिलच्या उन्हात चिरूच नये.

भुंग्याला कच्च्या पांढऱ्या लाकडातला स्टार्च हवा असतो. फळ्या ओल्या असतानाच बोरिक पावडर १ भाग आणि बोरॅक्स दीड भाग गरम पाण्यात विरघळवून दोन्ही बाजूंनी भरपूर मारा. ओल्या लाकडात हे द्रावण आत झिरपतं, वाळलेल्यात वरच राहतं. पावसात भिजलं तर धुऊन जातं, त्यामुळे लगेच छपराखाली घ्या.

थप्पी लावायची ती पडवीत किंवा उघड्या गोठ्यात, जिथे ऊन नाही आणि वारा आहे. खाली दीड फूट उंच सपाट बैठक करा. दर दोन फुटांवर इंचभर जाडीच्या वाळलेल्या रिपा, सगळ्या सारख्या जाडीच्या आणि वरपासून खालपर्यंत एका ओळंब्यात. रीप ओळीतून सरकली तर वरच्या फळीचं वजन खालच्या फळीला तिथेच वाकवतं. ओल्या रिपा वापरल्या तर फळीवर कायमचे काळे पट्टे उठतात. सर्वांत वर जांभ्या चिऱ्यांचं वजन ठेवा. प्लास्टिकने बाजू झाकू नका, बुरशी धरेल.

इंचाला एक वर्ष, असा जुना ठोकताळा आहे. कोकणात पावसाचे चार महिने त्यातून वजाच करायचे, कारण त्या काळात लाकूड वाळत नाही, उलट ओल ओढून घेतं. अडीच इंची फळीला तीन उन्हाळे द्या. ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर त्याच फळीचा फूटभराचा तुकडा थप्पीत ठेवा आणि दर महिन्याला वजन करून भिंतीवर लिहा. ऐन उन्हाळ्यातही वजन उतरायचं थांबलं की फळी तिथल्या हवेशी जुळली. तिथल्याच हवेशी, हे लक्षात असू द्या. लाकडात किती ओलावा चालेल हे सांगणारं भारतीय मानक, आयएस २८७, देशाचे हवामानाप्रमाणे चार विभाग करतं ते याचसाठी. गुहागरात वाळलेली फळी नागपूरच्या मे महिन्यात किंवा मुंबईच्या एसी खोलीत गेली की आणखी आकसते. तिथे नेऊन निदान दोन महिने रिपांवर उघडी ठेवा, मगच रंधा मारा.

जाडी ओलीच ठरवा. तयार टेबल पावणेदोन-दोन इंचांचं हवं असेल तर अडीच इंच कापा. वाळताना थोडं आकसतं, थोडा बाक येतो, आणि तो काढताना उरलेलं जातं. तीस इंच रुंदीच्या फळीला रंधा हाताने जमत नाही. दोन सरळ पट्ट्यांवर सरकणाऱ्या पाटावर राऊटर बसवून ती सपाट करतात, दोन्ही बाजूंनी सारखीच, कारण एकाच बाजूने लाकूड काढलं की ती पुन्हा वाकते.

पाय बसवताना सुताराला एवढं सांगा, की पोलादी पट्टीची भोकं गोल नकोत, फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट हवीत. पावसाळा ते उन्हाळा या काळात एवढी रुंद फळी दोन-तीन सूत फुगते आणि आकसते. मधला एक स्क्रू घट्ट बसवा, कडेचे वॉशर लावून सरकते ठेवा, आणि खालच्या बाजूलाही वरच्याइतकेच पॉलिशचे हात द्या.